चौथीचा सुट्टीतला प्रकल्प: थर्मामीटर कोणता घ्यावा आणि बटाटा कुठे चिकटवावा?

मधुरा_कांजूर

नमस्कार मंडळी. लेक जूनमध्ये चौथीत जाईल. शाळेने सुट्टीसाठी दोन कामं दिली आहेत. एक, घरातल्या आणि बाहेरच्या वेगवेगळ्या जागांचं तापमान सकाळ, दुपार, संध्याकाळ मोजून तक्ता करायचा. दोन, वनस्पतीच्या भागांचा तक्ता. मूळ, खोड, पान, फूल, फळ, बी अशा रांगा करून त्यात खऱ्या वस्तू चिकटवायच्या किंवा चित्रं काढायची.

पहिल्यात गाडी अडली ती अशी, की घरात फक्त तापाचा डिजिटल थर्मामीटर आहे. तो हवेत धरला की नुसतं 'लो' दाखवतो. कोविडात घेतलेली कपाळावर धरायची बंदूक आहे, पण ती भिंतीवर धरली तर भिंतीचंही तापमान अगदी निरोगी माणसाचं येतं.

दुसऱ्यात घरात दोन तट पडलेत. स्टेशनरीतून तयार चार्ट आणला, त्यात बटाटा 'मूळ' या रांगेत आहे. सासूबाई म्हणतात बटाटा हे खोड. नवरा म्हणतो जमिनीखाली ते मूळ, विषय संपला. मग कांद्याचं काय? आणि फ्लॉवर? लेकीचा प्रश्न तर वेगळाच, "फ्लॉवर फूल असेल तर त्याला केसांत का माळत नाहीत?"

जाणकारांनी कृपया मदत करावी.

उकडलंय_बुवा

मुंबईत मे महिन्यात तापमान मोजायला थर्मामीटर कशाला? बनियन पिळा, किती ग्लास भरतात ते लिहा.

पुणेकर_अजून_काय

लेकीला सांगा, फ्लॉवर केसांत माळायचा प्रयोग करून निरीक्षण लिहावं. यालाच विज्ञान म्हणतात. हलकेच घ्या.

सुलभा_आत्या

सासूबाई बरोबर आहेत. सहसा असतातच.

रसायनी

मधुरा, तापाचा थर्मामीटर त्याच्या कामापुरताच बनवलेला असतो. बहुतेक डिजिटल थर्मामीटर ३२ अंश सेल्सियसच्या खाली 'लो' दाखवतात आणि ४२-४३ च्या वर 'हाय'. माणसाच्या अंगाला याहून जास्त पल्ला लागत नाही. जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरचंही तसंच, ३५ ते ४२. शिवाय त्याच्या नळीला फुग्याजवळ एक बारीक चिमटा दिलेला असायचा, म्हणजे काखेतून काढला तरी पारा लगेच खाली येत नसे. म्हणून तर डॉक्टर तो झटकायचे. हवेसाठी असा अडकून बसणारा पारा निरुपयोगी.

बंदुकीचं गणित निराळं. ती कपाळावरून येणारी उष्णता वाचते आणि तिच्यावरून शरीराचं तापमान किती असेल याचा अंदाज दाखवते. म्हणून भिंतसुद्धा निरोगी निघते! बऱ्याच बंदुकांना 'सरफेस' असा दुसरा मोड असतो, बटण शोधून पाहा. त्या मोडवर भिंत, लादी, गॅलरीचा पत्रा ठीक येईल. चकचकीत स्टीलचा डबा मात्र मोजू नका. चकाकणाऱ्या वस्तूवरून आजूबाजूची उष्णता परावर्तित होऊन येते आणि आकडा फसवतो.

घ्यायचाच तर भिंतीवर लटकवायचा लाल द्रवाचा साधा थर्मामीटर घ्या. आत रंगवलेलं अल्कोहोल असतं. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानांत मिळेल, ऑनलाइन तर मिळतोच. पाऱ्याचा घेऊ नका.

लोकलप्रवासी

पाऱ्याचा का नको? आमच्या लहानपणी थर्मामीटर फुटला की सण असायचा. लादीवर ते चंदेरी गोळे पळवायचे, नाण्याला चोळून चकाकवायचं. काही झालं नाही.

रसायनी

@लोकलप्रवासी, झालं की नाही हे आपल्याला तेव्हा कोणी मोजून सांगितलं नव्हतं. पाऱ्याची वाफ साध्या तापमानालाही निघते, दिसत नाही आणि वास येत नाही. म्हणूनच २०१३ च्या मिनामाता या पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात पाऱ्याचे थर्मामीटर बंद करत न्यायचं ठरलं. कोणाकडे जुना असेल आणि फुटलाच तर केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याने गोळे आणखी बारीक होऊन पसरतात. खिडक्या उघडा, पंखा बंद करा, मुलांना बाहेर काढा, जाड कागदाने गोळे एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरा. आणि हो, अंगावरचं सोनं आधी काढून ठेवा, पारा सोन्याला धरतो.

सुलभा_आत्या

सोन्याचं आधी सांगायचं होतंस, बाकीचं नंतर.

सावंत_मास्तर

मी परळच्या एका शाळेत बरीच वर्षे विज्ञान शिकवले, आता निवृत्त आहे. मधुराताई, थर्मामीटर आणण्याआधी मुलीला एक गोष्ट करायला सांगा. तीन पातेली घ्या. एकात बर्फाचे पाणी, एकात अंघोळीइतके ऊन पाणी, मध्ये नळाचे. एक हात गार पाण्यात, दुसरा ऊन पाण्यात थोडा वेळ ठेवायचा आणि मग दोन्ही हात एकदम मधल्या पातेल्यात. एक हात म्हणेल पाणी ऊन आहे, दुसरा म्हणेल गार आहे. पाणी तेच. हे एकदा झाले की थर्मामीटर का लागतो ते तिला सांगावे लागत नाही.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा. एकाच खोलीतला स्टीलचा डबा आणि लाकडी पोळपाट यांना हात लावायचा. स्टील गार लागते. तापमान मोजाल तर दोघांचे सारखेच. स्टील हातातली उष्णता पटकन ओढून घेते, लाकूड घेत नाही.

रसायनी

मास्तर, पहिला प्रयोग लाखमोलाचा. दुसरा मात्र मुंबईत मे महिन्याच्या दुपारी फसेल. तळहाताच्या त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ असतं आणि खोलीही तेवढीच तापलेली. उष्णता कुठून कुठे जाणार? स्टील गार लागणारच नाही. एसीच्या खोलीत करा किंवा जानेवारीत.

सावंत_मास्तर

मान्य. आमच्या शाळेत हा धडा दिवाळीनंतर यायचा, म्हणून जमायचा. पण मग तसेच करा की! दुपारी एकदा आणि एसी लावून एकदा. 'दुपारी का नाही जमला' हे लिहिणारी मुलगी मला दहापैकी दहा मिळालेल्या तक्त्यापेक्षा आवडेल.

काष्ठौषधी

बटाट्याकडे वळते. वनस्पतिशास्त्र शिकले आहे, त्यामुळे हा विषय समोर आला की गप्प बसवत नाही.

जमिनीखाली ते मूळ, वर ते खोड, हा नियमच चुकीचा आहे. खोडाची ओळख म्हणजे त्याला पेरं असतात आणि पेरांवर डोळे, म्हणजे कळ्या. मुळाला पेरं नसतात. बटाटा हातात घ्या, त्याचे डोळे मोजा. ते कसेही विखुरलेले नाहीत, गोल फिरत जाणाऱ्या रांगेत आहेत. प्रत्येक डोळ्याशेजारी भुवईसारखी एक रेघ असते, ती खुरटलेल्या पानाची खूण. म्हणजे बटाटा हे फुगलेलं खोड. आलं, हळद, सुरण, अळकुड्या हीसुद्धा खोडंच. आल्यावरच्या गोल रेघा पाहिल्यात ना, ती पेरं. गाजर, मुळा, बीट, रताळं ही मुळं.

कांदा उभा चिरा. तळाशी जी चपटी चकती आहे तेवढंच खोड. खालच्या मिशा म्हणजे मुळं. आपण खातो ते सगळे थर म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे. एका कांद्यात तीन रांगा भरतील, चिकटवायला तोच सोपा.

आणि गंमत म्हणजे कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल ही एकाच जातीची वनस्पती आहे. माणसाने निवड करत करत एकाची मोठ्ठी कळी केली, एकाचा न उमललेल्या फुलोऱ्याचा गड्डा केला, एकाचं खोड फुगवलं. लेकीला सांगा, फ्लॉवर उमलण्याआधीच आपण तो भाजीत घालतो. शेतात राहू दिला असता तर पिवळी फुलं आली असती, माळता आली असती.

निरुत्तर

@काष्ठौषधी, रताळ्यालाही कोंब फुटतात की. आमच्या ओट्याखाली टोपलीत फुटलेत. मग ते खोड का नाही?

काष्ठौषधी

प्रश्न आवडला. मुळांनाही कधी कधी नवे कोंब फुटू शकतात, पण ते ठरलेल्या डोळ्यांतून नाहीत, कुठूनही. टोपलीतलं रताळं बघा, बहुतेक कोंब एकाच टोकाला, वेलीला जोडलेलं होतं तिकडे, गर्दीने आलेले असतील. बटाट्याचे मात्र नेमके डोळ्यांतूनच येतात. म्हणूनच बटाटा लावताना डोळा असलेली फोड लावतात आणि रताळं लावताना वेलाचे तुकडे.

मधुरा_कांजूर

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, "मग शेंगदाणा? तोही जमिनीखालीच." चेहरा जिंकल्यासारखा.

वसईवाला

शेंगदाणा हे बी हो, शेंग हे फळ. भुईमुगाचं फूल वरच येतं, पिवळं. ते झडलं की तिथून एक दांडी निघून जमिनीत घुसते, तिला आऱ्या म्हणतात. तिच्या टोकाला मातीत शेंग धरते. आजोळी भुईमूग असायचा, आऱ्या सुटल्या की आजोबा आम्हाला वाफ्यात पाय टाकू द्यायचे नाहीत.

तुमच्या मिस्टरांना केळीचं खोडही विचारा. बाहेरून दिसतं ते खोड नव्हेच, एकात एक गुंडाळलेली पानांची बुडं आहेत. खरं खोड जमिनीत गड्ड्याच्या रूपात बसलेलं.

उकडलंय_बुवा

म्हणजे खाली असतं ते मूळ नाही आणि वर असतं ते खोड नाही. आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखं.

लोकलप्रवासी

मधुरा, कांजूरला राहता ना? मग चार्ट कशाला, खाडीकडे बघा की. ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या पुलावरून जाताना तिवराच्या झाडांभोवती चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखं काहीतरी दिसतं. ती मुळं आहेत आणि ती वर येतात.

काष्ठौषधी

+१. श्वसनमुळं. खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून तिवर श्वास घ्यायला मुळंच वर पाठवतो. तयार चार्टवर हे कधी दिसलं आहे कोणाला? आमच्याकडे चार्टवर कायम तीच लाल जास्वंद आणि तीच मोहरीच्या रोपाची आकृती.

बाकी मुंबईत फुकट मिळणारे नमुने: वडाच्या पारंब्या ही मुळं. हायवेच्या दुभाजकावरच्या बोगनवेलीचा तो गुलाबी रंग फुलाचा नाही, रंगीत पानांचा, आत जी बारीक पांढरी नळकांडी असते ते फूल. उंबराची फुलं त्या फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत असतात. राणीच्या बागेत कैलासपती आहे, त्याची फुलं फांदीवर येत नाहीत, थेट बुंध्याला येतात. फणसही बुंध्यालाच धरतो ना, तसंच.

सुलभा_आत्या

आंब्याचा सीझन आहे, आंबा कुणीच काढला नाही? फळ आणि कोय म्हणजे बी. झालं.

काष्ठौषधी

आत्या, कोयीचं कठीण कवच फळाचाच आतला थर आहे. बी त्याच्या आत. काजूचं तर आणखीनच. बोंड म्हणजे फुलाचा फुगलेला देठ आणि खरं फळ खाली लटकणारी ती करडी बी. हो, तिला बी म्हणतात तरी ते फळच, खायचा गर ते बी.

सुलभा_आत्या

आता मला काहीच खावंसं वाटत नाही.

पुणेकर_अजून_काय

धागा आता भाजीबाजारात शिरलाय. तापमानाचं काय झालं? जाता जाता, आमच्याकडे रात्री पांघरूण लागतं.

उकडलंय_बुवा

@पुणेकर, आमच्याकडेही १९६२ च्या २२ जानेवारीला सांताक्रूझला ७.४ होतं. मुंबईला थंडीच पडत नाही म्हणायचं नाही.

शिवाय सेल्सियससाहेबांनी १७४२ साली पट्टी केली तेव्हा ती उलटी होती. पाणी उकळतं तिथे ०, गोठतं तिथे १००. नंतर ती फिरवली. त्या हिशोबाने आज मुंबईत ६६ अंश, म्हणजे कालच्यापेक्षा थंड वाटायला हवं.

सावंत_मास्तर

तापमानाकडे येतो. मधुराताई, तक्त्यात आकड्याइतकीच जागा 'कुठे आणि कसे मोजले' याला ठेवा. बातम्यांत 'आज मुंबई ३४' म्हणतात ते कुलाबा आणि सांताक्रूझ इथल्या वेधशाळांतले. तिथे थर्मामीटर उन्हात टांगलेला नसतो. पांढऱ्या रंगाची, चारही बाजूंनी झडपा असलेली लाकडी पेटी असते, जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर. वारा खेळतो पण ऊन आत येत नाही. स्टीव्हन्सन नावाच्या, दीपगृहे बांधणाऱ्या अभियंत्याने ती योजली. थर्मामीटरवर ऊन पडले तर तो हवेचे तापमान दाखवत नाही, स्वतः किती तापला ते दाखवतो. म्हणून गॅलरीत सावलीत, भिंतीपासून थोडा दूर टांगा. वाचताना डोळे द्रवाच्या पातळीसमोर हवेत. मुलांची उंची कमी, ती खालून बघतात आणि आकडा चुकतो. स्टूल द्या.

थर्मामीटर खरा बोलतो का ते तपासायचे असेल तर कुटलेला बर्फ आणि पाणी पेल्यात कालवून त्यात बुडवा. ० च्या जवळ यायला हवा. भिंतीवरचा असेल तर उकळत्या पाण्यात मात्र कधीही घालू नका, त्याची पट्टी ५० पर्यंतच असते, फुटेल.

लोकलप्रवासी

अवांतर: कुलाब्याची वेधशाळा फार जुनी. तिथे चुंबकीय मोजमापंही व्हायची. मुंबईतल्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा त्या विजेने चुंबकाचे काटे बिघडतील म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. आजही अलिबागला आहे.

निरुत्तर

कुलाबा आणि सांताक्रूझमध्ये फरक का असतो? दोन्ही मुंबईच.

रसायनी

कुलाब्याला जवळजवळ चहूबाजूंनी पाणी. समुद्र हळू तापतो आणि हळू निवतो, त्यामुळे तिथे दुपार जरा सौम्य आणि पहाट जरा उबदार. आणि समुद्रावरचा वारा कधी सुटतो यावरही खूप काही ठरतं. मार्चमध्ये पूर्वेचे वारे जोर धरतात, समुद्राचा वारा उशिरा येतो आणि पारा एकदम चढतो. मे महिन्यात पारा त्यापेक्षा खाली असूनही जीव जास्त जातो तो दमटपणाने.

मधुरा, हे घरी मोजता येईल. एकसारखे दोन थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि दोन्ही पंख्याखाली टांगा. ओला खाली उतरेल, कारण पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. किती उतरतो यावरून हवा किती कोरडी ते कळतं.

नागपूरकर_संत्री

करून पाहिलं. आमच्याकडे कोरडा ४२, ओला २३. म्हणून कूलर चालतो भाऊ.

मधुरा_कांजूर

इथे कोरडा ३३, ओला २८. पाचच अंश! लेकीने लगेच विचारलं, "म्हणून आपल्याकडे कूलर नाही का?" मी म्हटलं, हो, आणि म्हणून बाबांचा घामही वाळत नाही.

बाकी तक्त्यात स्वयंपाकघर, गॅलरी, जिना आणि खालच्या वडाखालची जागा घेतली. वडाखाली सावलीत पार्किंगच्या पत्र्याखालच्यापेक्षा बरंच कमी आलं. दोन्हीकडे सावलीच, मग असं का? बटाटा खोडाच्या रांगेत गेला आहे. नवरा कांदा चिरून देतो आहे.

रसायनी

पत्रा स्वतः तापतो आणि खालच्यांना शेकतो. झाडाची पानं त्यांच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर सोडतात, त्या ओल्या फडक्याचंच काम ती दिवसभर करतात. झाडावरच्याच एका फांदीला पानांसकट पारदर्शक पिशवी बांधून ठेवा, दुपारपर्यंत आत पाणी दिसेल.

निरुत्तर

म्हणजे झाडं थंड करतात. कुठलं झाड स्वतः तापतं का?

काष्ठौषधी

तापतं! सुरणाचा फुलोरा स्वतःची उष्णता तयार करतो, हात लावला तर ऊबदार. त्या उबेने त्याचा कुजका वास लांबवर जातो आणि किडे येतात. कमळाचं फूलही उमललेलं असताना स्वतःला ३० ते ३६ अंशांच्या मध्ये राखतं, बाहेर गारठा असला तरी.

वसईवाला

सुरणाचा भाऊबंद म्हणजे शेवळं. पहिला पाऊस झाला की आदिवासी बायका बाजारात जुड्या घेऊन बसतात. पान यायच्या आधी जमिनीतून नुसता फुलोरा वर येतो, तेच खायचं. मधुराताई, फुलाच्या रांगेत शेवळं लावा, चार्टवाल्याला चक्कर येईल.

सुलभा_आत्या

शेवळं! आमच्याकडे कोलंबी घालून करतात. पण घसा खवखवतो म्हणून सुना हात लावत नाहीत.

वसईवाला

आत्या, आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग काढून टाकायचा, खाज तिथेच जास्त. उरलेलं बारीक चिरून काकडं नावाच्या आंबट फळांच्या रसात शिजवायचं. शेवळंवालीकडेच ती हिरवी आंबट काकडं मिळतात, एकत्रच घ्या. नाही मिळाली तर चिंच, पण हात सढळ ठेवा.